वर्डचं डिफॉल्ट सेटिंग टिकत नाही? स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

महिन्यातनं दोन-तीनदा तरी हा फोन येतोच. "दादा, फॉन्ट चौदा केला, डिफॉल्ट पण केला, आणि आज नवीन फाईल उघडली तर परत अकरा." मी विचारतो, डिफॉल्ट दाबल्यावर एक प्रश्न आला असेल, त्याला काय उत्तर दिलंस? पलीकडे शांतता. प्रश्न आला होता हेच कळलेलं नसतं, कारण एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आपला स्क्रीन रीडर) बोलायला लागला की पुढचं न ऐकता एंटर मारायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, मलाही आहे.

म्हणून एकदा बैजवार लिहून ठेवतोय. हे सगळं विंडोज १० किंवा ११, वर्ड २०१६ च्या पुढचं कुठलंही, मेनू इंग्रजीत, आणि एनव्हीडीए असं धरून आहे. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना वर्डच्या की त्याच लागतील, फक्त स्क्रीन रीडरच्या कमांड बदलतील. ब्राउझरमधलं वर्ड आणि मोबाईलमधलं वर्ड इथे धरलेलं नाही, तिकडे या डायलॉगच्या नादी लागू नका.

माझी फजिती आधी सांगतो म्हणजे पायरी चार का एवढी लांबलचक आहे ते कळेल. एका ऑफिसात द्यायचा अर्ज होता, मजकूर मराठी आणि पत्ता, ईमेल, शिक्षण वगैरे इंग्रजीत. घरी टाईप केला, फॉन्ट साईज चौदा ऐकून खात्री केली, पेन ड्राइव्ह घेऊन सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. प्रिंट हातात देताना तो म्हणाला, "साहेब, इंग्रजी टपोरं आणि मराठी मुंगीएवढं, असंच पाहिजे का?" तोवर आठ प्रती निघाल्या होत्या. चूक माझीच, मी अर्धाच फॉन्ट बदलला होता.

## सुरू करण्याआधी: सेटिंगचे तीन डबे

सगळा घोळ इथे होतो. आपण "सेटिंग बदललं" म्हणतो पण ते नेमकं कुठल्या डब्यात गेलं हे माहीत नसतं.

पहिला डबा एनव्हीडीएचा. फॉन्टचं नाव बोलायचं की नाही, स्पेलिंगची चूक सांगायची की नाही, हे सगळं तिथे. याने फाईलमधे काहीही बदलत नाही, फक्त तुम्हाला काय ऐकू येतं ते बदलतं.

दुसरा डबा वर्डच्या ऑप्शन्सचा. वर्ड उघडल्यावर काय दिसावं, इंच की सेंटिमीटर, पेस्ट केल्यावर काय व्हावं. हे त्या कॉम्प्युटरवर, तुमच्या लॉगिनपुरतं साठवलं जातं.

तिसरा डबा म्हणजे नॉर्मल नावाची टेम्प्लेट फाईल. फॉन्ट, पॅराग्राफ, पानाचा आकार, भाषा हे सगळं यात. प्रत्येक नवीन कोरी फाईल हिच्यावरून निघते. आणि "नवीन" हा शब्द नीट वाचा, जुन्या फाईली किंवा कुणी मेलवर पाठवलेल्या फाईली यामुळे बदलत नाहीत. लोक डिफॉल्ट लावतात, मागच्या वर्षीचा अर्ज उघडतात आणि म्हणतात बदललंच नाही. नाही बदलणार.

## पायरी १: सगळं बंद करा आणि नॉर्मलची कॉपी काढून ठेवा

१. वर्डच्या जेवढ्या खिडक्या उघड्या असतील त्या सेव्ह करून बंद करा. ऑल्ट टॅब फिरवून खात्री करा, एखादी मागे राहिलेली असतेच.

२. विंडोज आर दाबा. परसेंटचं चिन्ह, ॲपडेटा, परत परसेंटचं चिन्ह, मधे स्पेस न देता इंग्रजीत टाईप करून एंटर.

३. जो फोल्डर उघडेल त्यात मायक्रोसॉफ्ट, त्याच्या आत टेम्प्लेट्स. तिथे एन दाबा, नॉर्मल ऐकू येईल.

४. कंट्रोल सी. मग पेन ड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर कुठेतरी कंट्रोल व्ही.

सावध: नॉर्मलवर एंटर मारू नका. एंटर मारला की ती फाईल उघडत नाही, तिच्यावरून एक नवीनच कोरी फाईल तयार होते, आणि तुम्हाला वाटतं आपण टेम्प्लेटमधेच काम करतोय. तास-दीड तास त्या फाईलमधे घालवलेला एक जण मला माहीत आहे, सेव्ह केली डॉक्युमेंट वन म्हणून.

मराठी कीबोर्ड अजून लावला नसेल तर तोही आत्ताच, विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमधे मराठी जोडून. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर उत्तम, नसेल तर मराठी फोनेटिक पण मिळतो. विंडोज स्पेस दाबून इंग्रजी-मराठी फिरतंय ना ते ऐका. हे आधी का ते पायरी चारमधे कळेल.

## पायरी २: एनव्हीडीएला वर्डपुरतं वेगळं करा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग ब्राउझरमधे सुद्धा दर दोन शब्दाला फॉन्टची नावं ऐकत बसतात.

१. वर्ड उघडा, कोरी फाईल समोर पाहिजे. फोकस वर्डमधेच असताना एनव्हीडीए कंट्रोल पी दाबा. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, तुमच्याकडे जी असेल ती.

२. न्यू बटण. नाव काहीही द्या.

३. पुढे टॅबवर रेडिओ बटणं येतात, आधीपासून मॅन्युअल निवडलेलं असतं. खाली ॲरो करून "करंट ॲप्लिकेशन" वर आणा, त्यात विनवर्ड (वर्डच्याच प्रोग्रामचं नाव) ऐकू आलं पाहिजे. मग ओके.

४. वर्डमधे परत येऊन एनव्हीडीए कंट्रोल डी. डॉक्युमेंट फॉर्मॅटिंगचं पान उघडेल.

चेक: इथे एनव्हीडीए टी दाबून टायटल ऐका. त्यात तुमच्या प्रोफाईलचं नाव आलं पाहिजे. "नॉर्मल कॉन्फिगरेशन" ऐकू आलं तर तुम्ही सगळ्या प्रोग्रामसाठी बदल करताय, एस्केप मारून परत पहिल्यापासून. आणि हे नॉर्मल वेगळं, वर्डचं नॉर्मल वेगळं, नावं ठेवणाऱ्यांना दंडवत.

यात काय चालू ठेवायचं? माझं मत, हेडिंग, लिस्ट, टेबल आणि पानाचा नंबर एवढं बास. फॉन्टचं नाव आणि साईज सतत बोलायला लावू नका, डोकं उठतं आणि आठवड्याभरात तुम्ही तिकडे लक्ष देणंच सोडता. पाहिजे तेव्हा एनव्हीडीए एफ दाबलं की कर्सरपाशी काय फॉरमॅटिंग आहे ते सांगतो, तपासायला ते पुरतं. स्पेलिंगच्या चुका सांगणं इंग्रजीसाठी छान आहे, मराठीसाठी त्रासच.

५. ओके करा, वर्डमधे राहूनच एनव्हीडीए कंट्रोल सी. कॉन्फिगरेशन सेव्ह झाल्याचं ऐकू येईल. याच्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ३: वर्डचे ऑप्शन्स

ऑल्ट दाबून सोडा, मग एफ, मग टी. एकेक करून, दाबून धरायचं नाही. शिकवायला बसलो की पहिली दहा मिनिटं यातच जातात, लोक तिन्ही बोटं एकदम टेकवतात.

डावीकडे प्रकारांची यादी असते, फोकस तिथेच येतो. पहिलं अक्षर दाबून उडी मारता येते, पण ए ला ॲक्सेसिबिलिटी, ॲडव्हान्स्ड, ॲड-इन्स असं बरंच काही आहे, ऐकून थांबा. टॅबने उजवीकडच्या भागात जायचं.

जनरल: इथे "शो द स्टार्ट स्क्रीन" अनचेक करा म्हणजे वर्ड उघडलं की थेट कोरी फाईल. हा चेकबॉक्स पार तळाला असतो, त्यामुळे टॅब मारत बसण्यापेक्षा यादीवरून शिफ्ट टॅब मारा, कॅन्सल, ओके, मग खालून वर येत जाल. तिथेच मेलमधल्या फाईली रीडिंग व्ह्यूमधे उघडायचा चेकबॉक्स आहे, तोही काढा, नाहीतर डाऊनलोड केलेल्या फाईलमधे टाईपच का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल.

सेव्ह: ऑटोरिकव्हर दहा मिनिटांवर असतं, मी तीन ठेवतो, आमच्याकडे लाईट जाते. "डोन्ट शो द बॅकस्टेज" चेक करा म्हणजे कंट्रोल ओ, कंट्रोल एस ला नेहमीचा साधा डायलॉग येतो, ते भलंमोठं पान येत नाही.

प्रूफिंग: यात ऑटोकरेक्ट ऑप्शन्सचं बटण, त्याच्या आत "ऑटोफॉरमॅट ॲज यू टाईप" हा टॅब, कंट्रोल टॅबने जा. ऑटोमॅटिक बुलेटेड आणि नंबर्ड लिस्ट दोन्ही काढा. हे का सांगतो ते बघा. तुम्ही एक, टिंब, स्पेस असं टाईप केलं की वर्ड त्याची आपोआप यादी करतो, पुढच्या ओळीला दोन स्वतःच टाकतो. त्या दोनवर कर्सर जातच नाही. ॲरोने अक्षर-अक्षर ऐकत गेलात तर तो नंबर तिथे नाहीच असं वाटतं, म्हणून तुम्ही परत हाताने दोन टाईप करता. प्रिंटमधे दोन दोन, तीन तीन असं छापून येतं. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेसारखी यादी करणाऱ्या प्रत्येकाचं हे एकदा तरी झालेलं आहे. यादी लागेल तेव्हा मुद्दाम मेनूतून करा.

ॲडव्हान्स्ड: लांबलचक पान आहे, धीर धरा. कट, कॉपी, पेस्टच्या भागात दुसऱ्या डॉक्युमेंटमधून आणि दुसऱ्या प्रोग्राममधून पेस्ट करताना, दोन्हीला "कीप टेक्स्ट ओन्ली". नाहीतर व्हॉट्सॲप वेबवरून एक परिच्छेद उचलला की त्याच्याबरोबर त्याचा फॉन्ट, रंग सगळं वऱ्हाड येतं. डिस्प्लेच्या भागात मापाचं एकक सेंटिमीटर करा. हे आत्ताच करा, पान लावताना नको, कारण तिथे मार्जिन २.५४ ऐकू आलं तर ते सेंटिमीटर आहे हे डोक्यात पक्कं असावं. दोन पूर्णांक चोपन्न इंचाचं मार्जिन ठेवून रद्दी वाढवलेली माणसं आहेत. शिवाय सेव्हच्या भागात "प्रॉम्प्ट बिफोर सेव्हिंग नॉर्मल टेम्प्लेट" असा एक चेकबॉक्स आहे, तो अनचेकच राहू द्या. चेक असेल तर वर्ड बंद करताना विचारतं, आणि आपण फाईलबद्दलच विचारतंय समजून एन दाबतो. सगळी मेहनत पाण्यात.

सावध: ऑप्शन्समधून एस्केपने किंवा ऑल्ट एफ फोरने बाहेर पडलात तर यातलं काहीही लागत नाही. ओकेच दाबायचं.

## पायरी ४: फॉन्ट, दोन्ही अर्धे

आता तिसरा डबा. कंट्रोल एन करून एकदम ताजी कोरी फाईल घ्या. जुन्या फाईलमधे किंवा काही सिलेक्ट केलेलं असताना हे करू नका, कारण तिथल्या मजकुराला जे काही लागलेलं असेल, ठळक, लाल, अधोरेखित, ते सगळंच्या सगळं डिफॉल्ट होतं.

१. कंट्रोल डी. फॉन्टचा डायलॉग उघडतो.

२. आधी लॅटिन टेक्स्टचा फॉन्ट, मग स्टाईल, मग साईज. हे फक्त इंग्रजीसाठी. जुन्या वर्डमधे इथे कॅलिब्री आणि अकरा असतं, हल्लीच्यात ॲप्टॉस आणि बारा.

३. टॅब मारत पुढे गेलात की परत फॉन्ट, स्टाईल, साईज. लेबल जवळपास तेच ऐकू येतं म्हणून लोकांना वाटतं आपण फिरून पहिल्याच जागी आलो, आणि पुढे निघून जातात. नाही. हा दुसरा अर्धा म्हणजे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स, आणि देवनागरी यातच मोडते. पहिल्या अर्ध्यात तुम्ही बहात्तर साईज करा, मराठी आहे तेवढीच राहणार.

चेक: फॉन्ट, स्टाईल, साईज हे तिन्ही दोनदा ऐकू आले का? एकदाच आले आणि मग थेट फॉन्ट कलर आलं तर दुसरा भाग तुमच्याकडे उघडलेलाच नाही. एस्केप मारून ऑप्शन्समधे लँग्वेजला जा, लिहायच्या भाषांमधे मराठी जोडा, वर्ड बंद करून उघडा. कीबोर्ड आधी लावायला सांगितला तो यासाठीच.

कुठला फॉन्ट? निर्मला यूआय विंडोज ८ पासून सगळ्या मशीनवर असतो, म्हणून तो बिनधोक. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे विंडोज १० पासून देवनागरीच्या जादा फॉन्टांत गेलेत, काही मशीनवर ते नसतात. शिवाय कोकिला, अपराजिता त्याच आकड्याला बारीक दिसतात, म्हणजे निर्मला १३ ला जेवढी अक्षरं दिसतील तेवढी कोकिलाला आणायची तर आकडा चांगलाच वर न्यावा लागतो. हे आपल्याला ऐकून कळायला काहीच मार्ग नाही, डोळस माणसाला एकदा विचारून घ्या आणि सोडून द्या. श्रीलिपी, कृतिदेव असले जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट तर डिफॉल्टला अजिबात नको, त्यातलं मराठी स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरांची भेळ म्हणून ऐकू येतं.

४. फॉन्टच्या चौकटीत नावाची पहिली तीन-चार अक्षरं इंग्रजीत टाईप करा आणि मग डाऊन ॲरोने यादीतलं नाव ऐकून निवडा. पूर्ण नाव हाताने टाईप करू नका. वर्डला चुकीच्या स्पेलिंगचं नाव दिलं तरी तो तक्रार करत नाही, मुकाट्याने घेतो. मग तुमचा डिफॉल्ट फॉन्ट हा जगात अस्तित्वातच नसलेला एखादा फॉन्ट असतो, आणि एनव्हीडीए तेच नाव तुम्हाला इमानदारीत वाचून दाखवतो.

५. साईज दोन्हीकडे वेगळी द्या. माझ्याकडे इंग्रजी १२, मराठी १४.

सावध: याच्या पुढे टॅब मारत गेलात तर इफेक्ट्सचे चेकबॉक्स लागतात, स्ट्राईकथ्रू, सुपरस्क्रिप्ट, ऑल कॅप्स, हिडन वगैरे. तिथे चुकून स्पेस दाबली गेली तर तेही डिफॉल्टमधे जातं. माझ्या एका मित्राचं ऑल कॅप्स चेक झालं होतं, त्याला ऐकताना काहीच फरक नाही, आणि बायोडाटा कित्येक ठिकाणी नुसता कॅपिटलमधे गेला, शेवटी पुतणीने सांगितलं, "काका, तुम्ही सगळ्यांवर ओरडताय." म्हणून साईज झाली की पुढे टॅब मारायचाच नाही, तिथूनच लगेच खालचा मुद्दा ६.

६. ऑल्ट डी. हेच ते "सेट ॲज डिफॉल्ट". आता हात कीबोर्डवरनं उचला आणि ऐका. एक छोटा डायलॉग येतो, कुठला फॉन्ट किती साईजला करायचा ते वाचतो आणि मग रेडिओ बटण, "धिस डॉक्युमेंट ओन्ली", दोनपैकी पहिलं. एंटर मारलात तर बदल या एका फाईलपुरता. याच्यासाठीच हा सगळा प्रपंच.

७. डाऊन ॲरो एकदा. "ऑल डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन द नॉर्मल" असं ऐकू आलं पाहिजे. न ऐकता पुढे गेलात तर तुमची तुम्हाला शप्पथ. मग एंटर.

ऐकताना सटकलं तर एनव्हीडीए टॅब दाबा, फोकस कशावर आहे ते परत सांगतो. अख्खा डायलॉग ऐकायचा तर एनव्हीडीए बी.

हेडिंगचं वेगळं आहे, त्यांना त्यांचा स्वतःचा फॉन्ट असतो, या बदलाने ती सगळीच्या सगळी हलणार नाहीत. कंट्रोल शिफ्ट एस दाबून हेडिंग वन टाईप करा, टॅबने मॉडिफाय बटण, आत फॉरमॅटमधे फॉन्ट, परत दोन्ही अर्धे, आणि बाहेर येताना "न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट" हे रेडिओ बटण. रोज हेडिंग वापरत नसाल तर सध्या सोडून द्या.

## पायरी ५: पॅराग्राफ

ऑल्ट, एच, पी, जी. इथे आफ्टर म्हणजे परिच्छेदानंतरची जागा, ती आधीपासून ८ पॉइंट असते. अर्ज-पत्रं लिहिणाऱ्यांना वर पत्त्याच्या चार ओळी लिहिल्या की प्रत्येक ओळीनंतर फट पडते ती यामुळेच, हवं तर शून्य करा. मग मात्र परिच्छेदांमधे एक कोरी ओळ तुम्ही सोडायची.

लाईन स्पेसिंग सिंगल किंवा दीड ठेवा. "एक्झॅक्टली" कधीही नको. इंग्रजीला ते चालून जातं, आपल्याकडे वर रफार, वेलांट्या आणि खाली उकार असतात, ठराविक उंचीत ते बसले नाहीत तर कापले जातात. छापल्यावर "कीर्ती" चं काय होतं ते वाचणाऱ्याला विचारा.

ऑल्ट डी, तोच रेडिओ बटणांचा प्रश्न, तेच उत्तर, डाऊन ॲरो आणि एंटर.

## पायरी ६: पान

ऑल्ट, पी, एस, पी. मार्जिनचा टॅब आधी येतो, कंट्रोल टॅबने पेपरवर जा. पेपर साईज लेटर असेल तर ए फोर करा, निवडल्यावर रुंदी २१ आणि उंची २९.७ सेंटिमीटर ऐकू आली पाहिजे. लेटर हे ए फोरपेक्षा बुटकं असतं, ते राहिलं तर ए फोरच्या एका पानात बसला असता त्या मजकुराच्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर पडू शकतात, वर दुसऱ्या पानाचे पैसे.

ऑल्ट डी. आणि इथे लक्ष द्या, इथला प्रश्न वेगळा आहे. रेडिओ बटणं नाहीत, सरळ हो की नाही, वाय दाबा. फॉन्टच्या सवयीने लोक इथे डाऊन ॲरो मारतात, बटण यसवरनं नो वर सरकतं आणि वर एंटर.

## पायरी ७: भाषा

ऑल्ट, आर, यू, एल. इंग्लिश इंडिया निवडा आणि ऑल्ट डी, इथेही वाय. डायलॉग उघडाच राहिला तर ओके करून बाहेर या.

मराठीला डिफॉल्ट भाषा करू नका असं मी सांगतो. एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमधे भाषा आपोआप बदलणं चालू असेल तर तो मजकुराला लागलेल्या भाषेनुसार आवाज बदलतो, त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहेच. डिफॉल्ट मराठी केलीत तर कुठेतरी इंग्रजी वाक्याला मराठीचं लेबल लागतं आणि ते वाक्य मराठी उच्चारात ऐकू येतं, दाताखाली खडा. मराठी कीबोर्डने टाईप केलेल्याला मराठी लेबल वर्ड आपणहून लावतो. फक्त मराठीची प्रूफिंग टूल्स (स्पेलिंग तपासायची साधनं) बसवलेली नसतील तर एक सूचनेची पट्टी येत राहते, एफ सिक्सने तिच्यावर जाऊन परत दाखवू नको म्हणायचं.

## पायरी ८: बंद करा, उघडा, मगच विश्वास ठेवा

तिसरा डबा वर्ड नीट बंद झाल्यावर पक्का होतो. मशीन मधेच बंद केलंत, वर्ड हँग होऊन गेलं, तर लावलेलं जाऊ शकतं. सगळ्या खिडक्या ऑल्ट एफ फोरने बंद करा, फाईल सेव्ह करायची का विचारलं तर डोन्ट सेव्ह, ती कोरीच होती.

परत वर्ड उघडा. एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी टाईप करा. दोन्हीवर जाऊन एनव्हीडीए एफ ऐका, पण मराठीच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका, कंट्रोल डी मधे जाऊन दोन्ही अर्ध्यांचे आकडे कानाने ऐका आणि एस्केप. मग पेज सेटअपमधे ए फोर आहे ना ते. शेवटी हेच एक पान छापून आणा आणि कुणालाही दाखवून एकच प्रश्न विचारा, दोन्ही ओळी सारख्या मोठ्या दिसतायत का. छान दिसतंय का असं विचारू नका, लोक छानच म्हणतात.

जमलं असेल तर आत्ताची नॉर्मल फाईल पण कॉपी करून ठेवा, पहिल्या कॉपीच्या शेजारी, नाव वेगळं देऊन. नवीन मशीन घेतलं की वर्ड बंद करून ती तिथल्या टेम्प्लेट्स फोल्डरमधे टाकायची, पायरी चार ते सात वाचतात. दोन आणि तीन मात्र परत कराव्या लागतात, ते डबे वेगळे.

## काही केल्या होत नसेल तर

टेम्प्लेट्स फोल्डरमधे जाऊन, वर्ड बंद असताना, नॉर्मलवर एफ टू दाबून नाव बदला. वर्ड उघडलं की ते नवीन कोरी नॉर्मल बनवतं आणि सगळं कंपनीच्या मूळ अवस्थेत. मग पायरी चारपासून.

लायब्ररीतलं किंवा लॅबमधलं मशीन असेल तर बऱ्याच ठिकाणी बंद-चालू केलं की सगळं पुसलं जातं, तिथे कितीही वेळा लावलंत तरी उपयोग नाही. अशा वेळी तुमची सेटिंग लावलेली एक कोरी फाईल पेन ड्राइव्हवर ठेवा, उघडायची आणि आधी एफ ट्वेल्व दाबून वेगळ्या नावाने सेव्ह करायची. आधी एफ ट्वेल्व, मग टाईप. उलटं केलंत तर कोरी फाईल कोरी राहत नाही.

## लिब्रे ऑफिस वापरत असाल तर थोडक्यात

ऑल्ट एफ ट्वेल्वने ऑप्शन्स उघडा. आधी भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, मगच रायटरच्या खाली बेसिक फॉन्ट्सची दोन पानं दिसतात, एक वेस्टर्न आणि एक सीटीएल, म्हणजे तेच कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. मराठी दुसऱ्यात. म्हणजे घोळ तोच, फक्त इथे दोन अर्धे दोन वेगळ्या पानांवर आहेत. पानाचा आकार वगैरे डिफॉल्ट करायचं तर कोरी फाईल हवी तशी लावा, फाईल मेनूत टेम्प्लेट्स, सेव्ह ॲज टेम्प्लेट, आणि सेव्ह करायच्या आधी "सेट ॲज डिफॉल्ट टेम्प्लेट" चा चेकबॉक्स टिक करा. तो टिक नसताना सेव्ह केलेली टेम्प्लेट नुसती पडून राहते.